बुडबुड्यांची विद्या

"अहो, ऐकलंत का? पगाराची नोकरी चालून आलीय, आणि ही म्हणे बुडबुडे मोजणार!"

सौ.चा हा स्वर कानी पडला, तेव्हा मी विद्यार्थ्यांचे निबंध तपाशीत बसलो होतो. कन्येने रसायन अभियांत्रिकीत संशोधन करण्याचा बेत जाहीर केला होता. खरे सांगायचे, तर मीही मनातून सौ.च्याच बाजूचा. आमच्या वाङ्मयात बुडबुडा म्हणजे क्षणभंगुरतेची खूण. त्यावर कुणी आयुष्य उभारावे?

"बाबा, एकदा येऊन तर बघा," ती म्हणाली. गेलो माटुंग्याला. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. तोच २००८ पासून अभिमत विद्यापीठ झाला आहे.

प्रयोगशाळेत पाण्याने भरलेली उंच काचेची नळी, आणि तळातून सुटणारे बुडबुडे. बस्स!

"बाबा, हवा पाण्यात विरघळते ती बुडबुड्याच्या पृष्ठभागातून. एका बुडबुड्याचे निम्म्या व्यासाचे आठ केले, की हवा तेवढीच, पण पृष्ठभाग दुप्पट!" पेनिसिलिनची बुरशी टाकीत वाढवायची, किंवा जंतूंकरवी सांडपाणी शुद्ध करायचे, तर प्राणवायू असाच पोचवावा लागतो.

"मग नळीत जमलं, की मोठी टाकी बांधायची. त्यात संशोधन कसलं?" मी विचारले.

"आई चौघांचा शिरा करते. चारशेंचा करायचा, तर रवा-साखर शंभरपट घेऊन भागेल?"

मी निरुत्तर. टाकी लांबी-रुंदी-उंचीने दहापट केली, की आतला ऐवज हजारपट होतो. बाहेरचा पृष्ठभाग मात्र शंभरपटच. क्रियेत निघणारी उष्णता बाहेर पडायची कुठून? ती साठत गेली, तर टाकी फुटून माणसे दगावू शकतात. चंचुपात्रातली क्रिया कारखान्यात सुखरूप नेणे, हीच ही विद्या!

याच विभागात प्रा. मनमोहन शर्मांनी वायू आणि द्रव यांच्यातील क्रियांचा अभ्यास केला. १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. प्रा. ज्येष्ठराज जोशींनी बुडबुड्यांनी उसळणारे प्रवाह गणितात मांडले. प्रा. अनिरुद्ध पंडितांनी तर बुडबुडा मिटताना निघणारी प्रचंड शक्ती पाणी शुद्ध करण्याच्या कामी लावली. क्षणभंगुर खरा, पण त्या क्षणातच त्याचे सामर्थ्य!

घरी परतलो, तो सौ. चकल्या तळीत होती. मी एक उचलू लागलो, तशी ती म्हणाली, "थांबा! तेलातले बुडबुडे अजून निवले नाहीत. कच्ची असेल ती."

कन्येने माझ्याकडे पाहिले. मला हसू आवरेना.

"अगं, इतकी वर्षं तू तरी दुसरं काय करतेस? बुडबुडेच वाचतेस ना?"

सौ. क्षणभर थबकली. मग झारा हाती तसाच धरून लेकीला म्हणाली, "जा बाई, शीक. पण जेवायला वेळेवर येत जा!"