सांध्यांचे बळ

काँक्रीटच्या भिंती कारखान्यात ओतून त्या जागेवर उभ्या करण्याची कल्पना नवी नाही. लिव्हरपूलचे नगर अभियंता जॉन ब्रॉडी यांनी १९०५ साली एल्डन स्ट्रीटवरील कामगारांच्या सदनिका याच रीतीने बांधून दाखविल्या होत्या. परंतु महायुद्धातील बॉम्बवर्षावाने आणि जुन्या गलिच्छ वस्त्यांनी ग्रासलेल्या ब्रिटिश शहरांना जेव्हा अल्पावधीत लक्षावधी घरे हवी झाली, आणि १९५६च्या कायद्याने इमारतीच्या उंचीप्रमाणे वाढते सरकारी अनुदान देऊ केले, तेव्हा ही कल्पना तेथील नगरपालिकांच्या गृहनिर्माण धोरणाचा आधारस्तंभ बनली.

पूर्व लंडनमधील न्यूहॅम येथे उभारलेली ‘रोनन पॉइंट’ ही बावीस मजल्यांची, ११० सदनिकांची इमारत मार्च १९६८ मध्ये पूर्ण झाली. तिची लार्सन-नील्सन ही बांधणी-पद्धत मूळची डेन्मार्कची. तीत खांब-तुळयांचा सांगाडा नव्हता. भिंतींचे फलकच वरच्या मजल्यांचा भार वाहत होते.

१६ मे १९६८ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावरील एका रहिवासी स्त्रीने चहासाठी शेगडी पेटविली आणि गळलेल्या गॅसचा स्फोट झाला. तिच्या कानांचे पडदेही शाबूत राहिले, इतका तो मर्यादित होता. तरीही त्याने कोपऱ्यावरील भारवाहक भिंती बाहेर ढकलल्या, त्यांच्या आधाराला मुकलेले वरचे मजले कोसळले, आणि त्यांच्या आघाताने खालच्या मजल्यांचा तो कोपराही जमीनदोस्त झाला. चार माणसे दगावली. ती स्त्री मात्र वाचली.

ह्यू ग्रिफिथ्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत असे निष्पन्न झाले की, प्रत्येक चौरस इंचावर अवघा तीन पौंडांच्या आसपास दाब आला तरी बाहेरील भिंत जागची हलू शकत होती. एक आधार निखळला तरी भार वाहून नेणारा दुसरा मार्ग या रचनेत ठेवलेलाच नव्हता. म्हणून १९७० मध्ये नियम दुरुस्त होऊन, स्थानिक हानीतून सर्वव्यापी पडझड होऊ नये अशी तजवीज उंच इमारतींसाठी सक्तीची ठरली.

कोसळलेला कोपरा पुन्हा बांधून इमारत वापरात आली खरी. पण १९८६ मध्ये ती मजल्यामागून मजला उतरविण्यात आली, तेव्हा वास्तुविशारद सॅम वेब यांनी वर्षानुवर्षे व्यक्त केलेली भीती खरी ठरली. मसाल्याने भरून काढावयाच्या सांध्यांतून वर्तमानपत्रांचे बोळे निघाले.

या हकिकतीतून या बांधकामाचे मर्म उघड होते. फलक घडतो तो छपराखाली, पोलादी साच्यात, ठरलेल्या मिश्रणाने आणि देखरेखीत. सांधा मात्र भरला जातो उंचावर, वाऱ्यापावसात, मुदतीच्या तगाद्याखाली. आणि एकदा बुजविला की त्यातील कसूर कोणाच्याही नजरेस पडत नाही. आज नवी मुंबईतही सिडकोच्या गृहप्रकल्पांत कारखान्यात घडविलेल्या भागांची घरे उभी राहत आहेत, आणि घरांची निकड पाहता त्यांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र घर घेणाऱ्याने भिंतींच्या गुळगुळीतपणावर समाधान न मानता, सांध्यांची तपासणी कोणी व केव्हा केली याची लेखी नोंद मागावी. तो त्याचा हक्क आहे, आणि ती दप्तरी ठेवणे हे बांधणाऱ्याचे कर्तव्य आहे.