सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात पडणारा जोड

शिवलेली ताडपत्री गळते, यात शिंप्याचा काही दोष नाही. सेंटिमीटरला 3 टाके धरले तर मीटरभर शिवणीत 300 भोकं पडतात, आणि मजबुतीसाठी दुहेरी टीप मारली की 600. जुलैत घाट उतरणाऱ्या ट्रकवर त्या 600 भोकांचं काय होत असेल ते सांगायला नको. जुन्या कॅनव्हासच्या काळात त्यावर मेण चोपडत, डांबर लावत. हल्ली ट्रकची जाड पीव्हीसी ताडपत्री, गोदामाचे पडदे, मोठे तंबू, रबरी बोटीसारख्या दिसणाऱ्या फुगवायच्या वस्तू यांच्या मुख्य जोडाला दोराच लागत नाही. दोन काठ एकमेकांवर ठेवतात आणि मध्ये गरम हवा फुंकतात. बस्स.

ही हवा किती गरम असते, हे ऐकलं की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड जोडताना नोझलमधून निघणारा झोत बहुधा 500 ते 650 अंश सेल्सिअसचा असतो. शिसं 327 अंशांना वितळतं, जस्त 420 अंशांना. म्हणजे जस्ताचं पाणी करील अशा हवेत आपण कापड घालतो. त्या कापडाच्या पोटात विणलेला पॉलिएस्टर साधारण 250-260 अंशांना वितळतो. हिशेबाने तर राखच व्हायला हवी. प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूने अखंड, गुळगुळीत, पाण्याचा थेंब न सोडणारा जोड बाहेर येतो, आणि हात लावला तर नुसता कोमट-गरम लागतो.

कारण वेळ. समजा कापड मिनिटाला 6 मीटर वेगाने धावतंय, म्हणजे सेकंदाला 10 सेंटिमीटर. नोझलचं तोंड तीन-साडेतीन सेंटिमीटरचं धरलं, तर कापडाचा प्रत्येक ठिपका झोतासमोर असतो तो सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. प्लॅस्टिकमध्ये उष्णता फार आळसाने शिरते. एवढ्या वेळात ती साधारण 0.15 ते 0.2 मिलिमीटर आत पोचते. वरचा लेप मऊ होतो, आतल्या धाग्यांना बातमी कळायच्या आत कापड पुढे गेलेलं असतं. आरतीच्या ज्योतीवरून आपण हात फिरवतो आणि तो भाजत नाही, तसंच हे. मात्र हात तिथे थांबवून बघा!

आणि थांबण्याचा हिशेबही सरळ नाही. उष्णता दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. म्हणजे कापड जागच्या जागी दीड सेकंद जरी अडखळलं तरी आच दुप्पट खोलीवर, थेट धाग्यांपर्यंत पोचते. पॉलिएस्टर आधी आक्रसतो, मग वितळतो, आणि लेपाआडून दिसतही नाही. ताडपत्रीची ताकद धाग्यात असते, लेपात नव्हे. तिथली ताडपत्री पुढच्या वादळात फाटेल तेव्हा लोक माल खराब म्हणतील. खरं तर मशीन क्षणभर अडखळलेलं असतं.

आता जोड नेमका पडतो कसा ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. प्लॅस्टिक म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. थंड असताना त्या साखळ्या गोठल्यासारख्या असतात. तापल्या की वळवळू लागतात, पण भोवती इतक्या साखळ्यांची दाटी की आडवं हलायला जागाच नसते. मग प्रत्येक साखळी आपल्याच लांबीच्या दिशेने, गवतातून साप जावा तशी सरपटते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर-जील द जेन यांनी 1971 साली ही सरपट गणितात मांडली. त्यांना 1991 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात पॉलिमरचा हा अभ्यासही होता. दोन मऊ झालेले पृष्ठभाग रोलरखाली दाबले गेले की एका काठाच्या साखळ्या दुसऱ्या काठात सरपटत शिरतात. तेवढ्यात थंडावा येतो आणि त्या तशाच अडकून बसतात. आता जोडाची रेषा उरतच नाही. दोन कापडांचे लेप तिथे एक झालेले असतात. कापसाचं हे कधीच होणार नाही. कापूस तापवला तर तो वितळत नाही, थेट करपतो. म्हणून इचलकरंजीच्या मागावरचं सुती कापड कितीही चांगलं असलं तरी या मशीनला त्याचा उपयोग नाही.

या सगळ्याला पीव्हीसी इतकं सोयीचं ठरलं ते अमेरिकेतल्या वाल्डो सेमन यांच्यामुळे. 1926 साली ते रबर धातूला चिकटवायचं काहीतरी शोधत होते. ठिसूळ, बिनकामाच्या मानल्या गेलेल्या पीव्हीसीला त्यांनी एका द्रावकात उकळलं, आणि हाती आला लवचिक, रबरासारखा पदार्थ. चिकटवण्याचं काम फसलं, पण एक अख्खा उद्योग उभा राहिला. पॉलिएस्टरचा धागा ज्यापासून निघतो ते पॉलिमर 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलं. एकाची ताकद आणि दुसऱ्याचा वितळण्याचा गुण, असा तो संसार.

मशीनकडे पाहिलं तर त्यात फार काही नाही. ब्लोअर किंवा कॉम्प्रेसर हवा ढकलतो, हिटरच्या तारेवरून ती हवा तापते, चपट्या नोझलमधून दोन काठांच्या मध्ये घुसते, आणि लगेच पुढे दोन रोलर काठ दाबून पुढे ओढतात. ऑपरेटरच्या हातात तीन गोष्टी: तापमान, वेग, दाब. वेग वाढवला तर तापमान वाढवावं लागतं. दाब कमी पडला तर मध्ये हवेचे बुडबुडे राहतात, जास्त झाला तर मऊ लेप पिळून बाजूला येतो. कंपनीचा तक्ता सुरुवातीला उपयोगी असतो, पण कापडाचा प्रत्येक रोल वेगळा वागतो. म्हणून सकाळचं पहिलं काम एकच. कतरणीच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, जोड मारायचा, पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि हाताने सोलायचा.

ही चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. पहिली पट्टी सोलली की कधीकधी कागद सुटावा तशी सहज सुटते, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत, जसेच्या तसे. "मामा, चिकटलं होतं की," नवा पोरगा म्हणतो. "चिकटवायला गोंद आणला असता रे. तापमान चढव." दुसरी पट्टी वेगळंच बोलते. ओढायला जोर लागतो, करकर आवाज येतो, आणि जोड सुटतच नाही. त्याऐवजी एका बाजूचा लेप धाग्यावरून सोलून निघतो आणि खाली पॉलिएस्टरची उघडी जाळी दिसते. जोडापेक्षा कापडच आधी हरलं. हाच पास झालेला नमुना. जाळी दिसली, पण धागे पिवळट किंवा आक्रसलेले असले, तर आच जास्त झाली. हे सारं पाच मिनिटांत कळतं, तरीही घाईच्या दिवसांत नेमकं हेच गाळलं जातं, याचं मला नवल वाटतं. वरून पाहून कच्चा आणि पक्का जोड ओळखता येत नाही.

काल बरोबर आलेलं आज का बिघडावं? एक कारण भिंतीतल्या प्लगमध्ये असतं. हिटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 चं व्होल्टेज 200 वर उतरलं तर आपल्याला ते 13 टक्क्यांनी कमी वाटतं, पण उष्णता जवळजवळ 24 टक्क्यांनी घटते. शेजारच्या शेडमधला मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि आपल्या ताडपत्रीचा दहा मीटर जोड कच्चा राहिला, असं घडू शकतं. चांगल्या मशीनमध्ये तापमान मोजून हिटर सांभाळणारी व्यवस्था असते, हातात धरायच्या साध्या गनमध्ये बहुधा नसते.

वीज गेली तर मामला आणखी गंभीर. कापड थांबतं, ब्लोअर थांबतो, पण हिटरची तार अजून लाल असते. हवा तापवणारी ही तार त्याच हवेने थंडही राहत असते, म्हणून हवा थांबली की ती स्वतःलाच जाळते. शिवाय नोझल कापडात अडकलेलं असतं. मशीन थांबताच नोझल आपोआप मागे सरकावं अशी रचना बहुतेक मशीनमध्ये असते. ती चालते की नाही हे रोज पाहावं, आणि वीज गेली तर आधी दांडा धरून नोझल बाहेर काढावं. काम संपवतानाही तेच तत्त्व. हिटर बंद करायचा, ब्लोअर चालू ठेवायचा, आणि तापमानाचा काटा पुरता खाली आल्यावरच मेन स्विच. थेट मेन स्विच पाडणाऱ्याच्या हातून महागडे हिटर जातात. हवेचा फिल्टर धुळीने कोंदला तरीही हिटर उपाशी राहतो, म्हणून सूत आणि धूळ उडणाऱ्या शेडमध्ये फिल्टर वरचेवर झाडावा लागतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं, नाहीतर ओलावा तापलेल्या हिटरपर्यंत जातो आणि त्यातलं चिनीमातीसारखं सिरॅमिक तडकतं. नोझलवर साचलेली काजळी गरम असतानाच पितळी तारेच्या ब्रशने निघते. तेवढ्या कामापुरते उष्णतारोधक हातमोजे घाला. थिनरने पुसण्याचा मोह मात्र टाळा. त्याची वाफ आणि 600 अंशांचं नोझल एकत्र येऊ नयेत.

आता वासाबद्दल. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे 57 टक्के क्लोरीन असतो. लेप मऊ होतो तोवर ठीक, पण करपला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलावा मिळाला की त्याचं आम्ल बनतं. ते आपल्या नाकाडोळ्यांत बनतं तसंच मशीनच्या लोखंडावरही, आणि मग रोलरच्या बाजूचे बोल्ट अकाली गंजतात. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क वायू अडवत नाही. धूर जिथे निघतो तिथेच, नोझलशेजारी, ओढून बाहेर सोडणारी चिमणी हवी. डोळे चुरचुरत असतील तर सवय होईल म्हणून सोडून देऊ नका, सेटिंग चुकलंय असा त्याचा अर्थ आहे.

मात्र माझ्या मते या मशीनमधला सर्वांत फसवा धोका गरम नोझल नाही. त्याची भीती सगळ्यांनाच असते. फसवे आहेत ते रोलर. ते सावकाश फिरतात, निरुपद्रवी दिसतात, आणि काठ सरळ करायला बोटं नेमकी त्यांच्या तोंडाशी जातात. सैल बाही, ओढणी, गळ्यातला दोरा, अंगठी यांपैकी काहीही पुरतं. चालू रोलरजवळ जाड हातमोजा रक्षण करण्याऐवजी हातच आत ओढतो. पायाचा पॅडल ज्याच्या पायाखाली आहे त्याच्याखेरीज दुसऱ्याने मशीनमध्ये हात घालायचा नाही, लाल बटण दोघांच्याही हाताशी हवं, आणि अडकलेलं कापड काढताना मशीन नुसतं बंद असून चालत नाही, प्लगच काढलेला हवा. भाजलंच तर 20 मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं. हळद नको, टूथपेस्ट नको. वितळलेलं प्लॅस्टिक कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही, तसंच पाण्याखाली धरून डॉक्टर गाठायचा.

या तंत्राची किंमत देशाला 2020 साली एकदम कळली. करोनाच्या पीपीई सुटाला शिवण घालणारी मशीन गल्लोगल्ली होती, पण शिवणीवर गरम हवेने पट्टी बसवणारी मोजकीच. पट्टी नसेल तर सुईच्या भोकातून रक्त आत जाणार, मग कापड कितीही भारी असो. कोइम्बतूरच्या सिट्रा या संस्थेत कापडाबरोबर शिवणीवरही कृत्रिम रक्ताचा दाब देऊन नमुने तपासले जात होते. आपल्याकडे 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत जी तळी झाली, त्यांतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराचे पट्टेही वितळवूनच जोडतात. तिथे हवेऐवजी बहुधा तापलेली पाचर फिरते आणि मध्ये पोकळ नळी सोडून दोन समांतर जोड पाडते. त्या नळीची दोन्ही टोकं बंद करून आत हवा भरायची. दाबाचा काटा स्थिर राहिला तर जोड पक्का, उतरला तर कुठेतरी भोक आहे. कोपऱ्यांतले ठिगळ मात्र हातातल्या गरम हवेच्या गननेच बसतात.

शेततळ्याचं अस्तर किंवा मोठी ताडपत्री करून घेणार असाल तर कारागिराकडे त्याच दिवशी, त्याच मशीनवर मारलेल्या जोडाची एक कतरण मागा. ती थंड झाल्यावर स्वतः सोलून बघा. कापड फाटलं किंवा लेप निघून जाळी दिसली तर पैसे द्या, जोड सरळ सुटला तर देऊ नका.