कीटकनाशकाचा अंश ओळखणारे विकर

म्हैसूरच्या चेलुवांबा प्रासादात 1950 पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था कार्यरत आहे. अन्नातील कीटकनाशकांचे अंश ओळखणाऱ्या जैवसंवेदकांवर तेथे संशोधन झाले असून अशा संवेदकांचा एक प्रमुख आधार म्हणजे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर, अर्थात एन्झाइम. कीटकांच्या व माणसांच्याही चेतासंस्थेत हे प्रथिन ॲसिटिलकोलिनचे विघटन करते. सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट गटातील कीटकनाशक त्याच्या क्रियास्थानी चिकटले की हे काम थांबते. कीड मरते ती यामुळेच.

संवेदकात हीच क्रिया मोजमापाचे साधन होते. विघटनातून मिळालेल्या कोलिनचे कोलिन ऑक्सिडेज हे दुसरे विकर ऑक्सिडीकरण करते. त्यातून निर्माण झालेले हायड्रोजन पेरॉक्साइड विद्युतअग्रावर प्रवाह देते. दोन्ही विकरे कार्यरत असतील तरच प्रवाह मिळतो. संगणकाच्या परिभाषेत हे ‘आणि’ द्वार होय. कीटकनाशक आले की उत्तर उलटते, हे ‘नाही’ द्वार. अशी तार्किक द्वारे विकरांपासून रचता येतात, हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील इटामार विल्नर व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवले. वेगात सिलिकॉनशी त्यांची तुलना होऊच शकत नाही. तथापि पानावरचे रसायन थेट वाचणे सिलिकॉनला जमत नाही.

शेतकऱ्याला मात्र हे द्वार कोठे फसते, ते अधिक ठाऊक हवे. उष्णतेने विकर निष्क्रिय होते. तांब्यासारखे धातूही ते मंदावू शकतात, आणि द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण काही नवे नाही. अशा वेळी अंश नसतानाही इशारा मिळतो. उलटपक्षी मॅलेथिऑन, क्लोरपायरिफॉस ही मूळ रूपात विकराला क्षीणपणेच रोखतात; नमुन्याचे आधी ऑक्सिडीकरण न केल्यास ती निसटतात. पायरेथ्रॉइड व बहुतेक बुरशीनाशके तर या विकराला दिसतच नाहीत. ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपीय संघात किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. त्यामुळे निर्यातीचा निर्णय प्रयोगशाळेतील क्रोमॅटोग्राफीवरच घ्यावा. विकराची पट्टी चाळणी म्हणून वापरावी, तीही दर वेळी फवारणीविरहित नमुन्याशी ताडून.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या अनेकांना विषबाधा झाली, काहींचा मृत्यूही झाला. सेंद्रिय फॉस्फरस विषबाधेच्या निदानासाठी रक्तातील याच गटातील विकरांची क्रियाशीलता मोजतात. ही पातळी व्यक्तीगणिक भिन्न असते. हंगामापूर्वीची नोंद हाताशी असल्यास घट लवकर ओळखता येते.