माहीत असते, तरी हात आत जातो



साखर निर्यातीसाठी न्हावा-शेवा बंदराकडे निघाली की ट्रक पनवेल तालुक्यातील उलव्याच्या बाजूने जातात. ज्यांनी हा भाग दहा-बारा वर्षांपूर्वी पाहिला असेल त्यांना तो आज ओळखू यायचा नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, उलवे नदीचे पात्र वळवले, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली.

शेतकी खात्याच्या माणसाने विमानतळावर कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल. पण सुरुंगाच्या कामात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे. सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजतो. पहिल्या दिवशी भोंगा वाजला की गडी पळत सुटतो. शंभराव्या दिवशी तोच भोंगा ऐकून तो म्हणतो, "थांब की, बिडी संपू दे." गडी मूर्ख नसतो. रोज भोंगा वाजतो आणि रोज काही होत नाही, एवढेच त्याचा मेंदू शिकलेला असतो. म्हणून माणूस वागतो कसा हे आधी पाहावे आणि मग कामाची रचना करावी, असे वर्तनशास्त्र सांगते.

याचे चांगले उदाहरण पनवेलहून मुंबईला जाणाऱ्या हार्बर मार्गावरच आहे. वडाळा स्टेशनजवळ रूळ ओलांडताना माणसे मरत होती. पाट्या होत्या, दंड होता, तरी मरत होती. २००९ च्या अखेरीस फायनल माइल या संस्थेने मध्य रेल्वेबरोबर तिथे प्रयोग केला. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येते आहे असे डोळ्याला वाटते, म्हणून गाडीच्या वेगाचा अंदाज चुकतो. त्यांनी ठराविक अंतरावर स्लीपर पिवळे रंगवले. पट्टे भराभर गाडीखाली जाताना दिसले की वेग कळतो. एका लांब शिट्टीऐवजी मध्ये खंड पाडून दोन तोकड्या शिट्ट्या ठेवल्या. पाटीवर गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा लावला. त्यानंतर तिथले मृत्यू बरेच कमी झाले. श्रेय एकट्या रंगाचे किती, यावर वाद घालता येईल. पण खर्च रंगाच्या डब्यांचा होता, हे विसरू नये.

आता आपल्या डबल ट्रॉलीकडे या. समजा, ट्रॅक्टर ताशी १५ किलोमीटरने चालला आहे आणि मागून मोटारसायकल ६० ने येते आहे. दोघांतले अंतर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होते. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, वरून वाढे लोंबतंय. तीस मीटरवर ती दिसली तर हातात अडीच सेकंदसुद्धा नाहीत. त्यात ती उभी आहे की चालली आहे हेच कळत नाही. मागून येणारा कुणाचा तरी मुलगा असतो, बहुतेक वेळा आपल्याच गावचा. ड्रायव्हरला विचारा, रिफ्लेक्टर का पुसला नाही? "रोज जातोय की, काय होतंय!" हा तोच शंभराव्या दिवसाचा भोंगा.

पीटीओ शाफ्टचेही तसेच. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. सदऱ्याचे टोक गुंडाळले गेले तर "बंद कर" म्हणेपर्यंत काम झालेले असते. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी गार्ड काढून गोठ्यात टाकलेला. का? तर ग्रीस द्यायला आड येतो. फायदा आजचा, हात जायचा तो कधीतरी. अशा ठिकाणी भाषण देऊन भागत नाही. गार्ड न काढता ग्रीस देता येईल अशी झडप वेल्डरकडून करून घ्यावी. मळणी यंत्राच्या तोंडाला लांब, वरून झाकलेली पन्हळ बसवतात त्यामागे हाच विचार आहे. हात पोचतच नाही, मग सावध राहायचे कुणी विसरले तरी चालते.

१९७८ साली अमेरिकेत जूडिथ कोमाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बेकरी कारखान्यातला अभ्यास प्रसिद्ध केला. कोणते काम कसे करायचे ते कामगारांना दाखवले आणि सुरक्षित वागण्याची टक्केवारी सर्वांना दिसेल अशा तक्त्यावर लावली. एका विभागात ती ७० वरून ९६ च्या आसपास गेली. दंड नाही, कुणाचे नाव नाही. गंमत पुढे आहे. तक्ता बंद केला, आणि आकडा पुन्हा होता तिथे आला.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या गळिताला वजनकाट्याजवळ एक फळा लावावा. काल रात्री आलेल्या ट्रॉल्यांपैकी किती ट्रॉल्यांचे मागचे रिफ्लेक्टर स्वच्छ होते, एवढा एकच आकडा रोज लिहावा. वाहनाचा नंबर नको, मालकाचे नाव तर नकोच. फळ्याखाली पाण्याची बादली आणि फडके ठेवावे, म्हणजे नंबर लागेपर्यंत उभा असलेला ड्रायव्हर हातासरशी पुसून घेईल. आकडा पट्टा पडेपर्यंत लिहावा. पंधरा दिवस उत्साह दाखवून सोडून दिले तर बेकरीसारखेच व्हायचे.

तो रोज लिहायचा कुणी, हे ठरायचे आहे. माझ्या मते वाहतूकदारांनीच आळीपाळीने लिहावा. शेतकी खात्याच्या चिटबॉयने खडू हातात घेतला की लोकांना ती तपासणी वाटते, आणि मग रिफ्लेक्टर फक्त गेटजवळ पुसले जातात.