तिसरा हात आणि कर्त्याचा प्रश्न

‘रोबोट’ हा शब्द जगाला एका नाटकाने दिला. कारेल चापेक या चेक नाटककाराचे ‘आर. यू. आर.’ १९२१ साली रंगभूमीवर आले आणि तेथून तो सर्वत्र गेला. ज्या चेक शब्दावरून तो घडला त्याचा अर्थ वेठ असा आहे. पुढे १९५७ साली जीवशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्स्ले यांनी ‘ट्रान्सह्यूमॅनिझम’ या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. मनुष्याने मनुष्य राहूनच स्वतःच्या मर्यादा ओलांडाव्यात, हा त्याचा आशय. एका शब्दात दास्य आहे, तर दुसऱ्यात मुक्तीची आकांक्षा. यंत्रांच्या साहाय्याने होणाऱ्या प्रयोगकलेत हे दोन्ही अर्थ एकाच देहावर येऊन भिडतात.

१९४६ साली सायप्रसमध्ये जन्मलेले व ऑस्ट्रेलियात वाढलेले कलावंत स्टेलार्क हे याचे ठळक उदाहरण होय. मानवी देह कालबाह्य झाला आहे, हा त्यांचा आवडता सिद्धांत. त्यांचा ‘तिसरा हात’ १९८० साली जपानमध्ये पूर्ण झाला. उजव्या बाहूला जोडलेला हा यांत्रिक हात पोटाच्या व पायांच्या स्नायूंतील विद्युत्संकेतांनी हलतो. १९८२ साली टोकियोत त्यांनी तिन्ही हातांनी एकाच वेळी ‘एव्होल्यूशन’ हा शब्द लिहिला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कृती सिद्धांताला दुजोरा देत नाही. ज्या स्नायूला लेखनाशी एरवी काही कर्तव्य नव्हते, त्यालाच आता लेखन शिकावे लागते. देह येथे वजा होत नाही. उलट तो अधिक सूक्ष्मपणे कामी येतो.

१९९५ सालच्या ‘फ्रॅक्टल फ्लेश’मध्ये मात्र पारडे फिरते. कलावंत लक्झेंबर्गमध्ये होता. पॅरिस, हेलसिंकी व ॲम्स्टरडॅम येथील प्रेक्षक संगणकाद्वारे त्याच्या स्नायूंना विद्युत्प्रवाहाची चालना देत आणि त्याचे अवयव हलवीत. मर्यादा ओलांडू पाहणारा देहच वेठीला धरला गेला. ही वेठ संमतीने पत्करलेली होती, म्हणूनच ती कला ठरते. संमती वगळली, तर चापेकचे दास्यच शिल्लक उरेल.

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द नाट्याचा आहे, तसाच व्याकरणाचाही. ‘तो हात उचलतो’ आणि ‘त्याचा हात उचलला जातो’ या दोन वाक्यांतील अंतर हेच या कलेचे खरे क्षेत्र. देह जुना झाला की नाही, हा प्रश्न गौण आहे; त्याच्या हालचालीचा कर्ता कोण, हा मुख्य.