जादूची गोष्ट नेमल्यावर

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या हॉकिन्स काउंटीच्या शाळांना १९८३ साली वाचनाची नवी पुस्तकं लागली. त्यातली जादू, परचित्तज्ञान आणि ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या भल्या चेटकिणी काही ख्रिस्ती पालकांना खटकल्या. आमच्या धर्माला जे मान्य नाही ते मुलांना सक्तीने का वाचायला लावता, असा त्यांचा सवाल होता. १९८६ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला; पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने तो फिरवला. मजकूर वाचायला लावणं म्हणजे त्यावर विश्वास ठेवायला लावणं नव्हे, अशी त्या न्यायालयाची भूमिका होती.

ती योग्यच होती. तरी वाद थांबले नाहीत. २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत हॅरी पॉटर पहिला होता. आर्कान्सातल्या सीडरव्हिलमध्ये तर शाळेच्या ग्रंथालयातून तो घरी न्यायला पालकांची चिठ्ठी लागे. २००३ मध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली.

पुस्तक वर्गात आलं की खरी कसोटी शिकवण्याची. अमेरिकेतल्या अनेक शाळांत टॉल्किनचं ‘द हॉबिट’ नेमलेलं असतं. त्याच्या पाचव्या प्रकरणात नायक बिल्बो आणि गुहेत राहणारा गॉलम अंधारात एकमेकांना कोडी घालतात. १९३७च्या पहिल्या आवृत्तीत हरलेला गॉलम कबूल केलेली अंगठी शोधायला जातो, ती सापडत नाही म्हणून गयावया करतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. १९५१च्या आवृत्तीत तोच गॉलम बिल्बोच्या जिवावर उठतो! पुढच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’शी मेळ बसावा म्हणून टॉल्किनने हे प्रकरण बदललं आणि पहिली हकिकत म्हणजे बिल्बोची थाप होती, अशी सोयही लावून दिली. बारा वर्षांच्या मुलांपुढे ही दोन्ही रूपं ठेवली, तर गोष्ट सांगणाऱ्यावर कितपत भरवसा ठेवायचा, हा प्रश्न तीच विचारतील. ‘बिल्बोबरोबर किती बुटके होते?’ एवढंच विचारलं, तर त्या पुस्तकाचा जीवच जातो.

भारतात आयसीएसई शाळांच्या परिषदेनेही २०१७ मध्ये इंग्रजीच्या वाचनासाठी हॅरी पॉटर, टिनटिन आणि ‘अमर चित्र कथा’ यांचा समावेश जाहीर केला होता. या मंडळाच्या शाळा मुंबई-पुण्यातही आहेत. तिथल्या शिक्षकांनी चार-पाच पुस्तकांतलं एक मुलांना स्वतः निवडू द्यावं आणि परीक्षेत नावं-गावं विचारण्याऐवजी एखादा प्रसंग दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहायला सांगावा.