सायकल आणि महामार्ग

नऱ्ह्याहून पुण्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अंतराचा प्रश्न फारसा नसतो. सायकल बरी असली की ते तासाभरात संपते. प्रश्न असतो तो वाटेत आडव्या पडलेल्या मुंबई-बंगळूर महामार्गाचा. म्हणून सायकलने यायचे ठरल्यावर मी जवळचा रस्ता शोधत बसलो नाही. महामार्ग कोठे ओलांडायचा, ते आधी ठरवले आणि दोन्हीकडचे रस्ते त्या जागेला आणून जोडले. माझ्या मते खरे नियोजन एवढेच आहे.

दुभाजकाच्या फटीतून सायकल काढणारे पुष्कळ दिसतात. त्यांच्यासाठी थोडे गणित मांडतो. महामार्गाच्या एका अंगाला साडेतीन-साडेतीन मीटरच्या तीन मार्गिका धरल्या, तर रुंदी साडेदहा मीटर होते. सायकल हाती धरून चालणाऱ्याला ती ओलांडायला सुमारे ९ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटर वेगाचा ट्रक दीडशे मीटर अंतर कापतो! इतक्या लांबून येणाऱ्या वाहनाचा वेग डोळ्यांना नीट कळत नाही. अंधारात तर नुसते दोन दिवे दिसतात.

त्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवण्यासाठी काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग इंजिनाचा रोध मिळत नाही, सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. आपण कितीही सावध असलो तरी अशा वाहनापुढे त्या सावधपणाचा काय उपयोग?

म्हणून मी पुलाखालूनच येतो. तेथे गर्दी असते, धूर असतो, पाच-दहा मिनिटे मोडतात. पण वाहनांचा वेग कमी असतो. तेथील धोका निराळा. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या कुशीत सायकल असली, तर उजवीकडे बसलेल्या चालकाला ती दिसतच नाही. त्यामुळे ट्रकच्या मागे थांबावे, त्याच्या बाजूला घुसू नये. चौकात मी खाली उतरून चालतो. मित्र हसतात, हसोत बापडे.

सेवा रस्त्यावर उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी गृहीतच धराव्यात. हिवाळ्यात परतताना अंधार पडतो, तेव्हा पुढे पांढरा व मागे लाल दिवा हवाच. पहिली फेरी रविवारी सकाळी करून पाहावी, म्हणजे खड्डे आणि वळणे शांतपणे ध्यानात राहतात. मात्र दुसरी फेरी कामाच्या दिवशी, तासिकेच्या वेळेसच करावी. रविवारचा रस्ता सोमवारी ओळखू येत नाही.

मुसळधार पावसात मी सायकल घरी ठेवून सरळ बस पकडतो. एका हाती छत्री धरून सायकल हाकण्याची विद्या आजोबांना येत होती, मला नाही.